आठवीची ओळ

१

कापड उलगडलं आणि मधोमध आरपार उजेड दिसला.

"अरे देवा, आठवी गेली!" म्हणत सुकदेव सरांनी हातातलं टोक सोडूनच दिलं.

चित्रकलेच्या खोलीत सगळे एकदम बोलायला लागले आणि त्यात एक शब्द धड नव्हता.

सुकदेव सर चित्रकलेचे. असोद्याच्या पुढच्या फाट्यावरच्या या शाळेत पंजांची चाल त्यांनीच पाडली होती. वर्ग पाचवीत आला की लांबलचक मांजरपाट आणायचा. दर वर्षी शेवटच्या दिवशी परातीत हिरवा रंग कालवायचा आणि प्रत्येकानं उजवा पंजा त्यात बुडवून कापडावर उठवायचा. एका इयत्तेची एक ओळ. बारावीच्या निरोपाला ते कापड स्टेजमागे लावायचं. आईबापांनी पाचवीतले इवले इवले पंजे बघून डोळे पुसायचे, पोरांनी शेवटची ओळ उठवायची, भरीत-भाकरी खाऊन घरी जायचं. आज तो दिवस होता. कापडावर सातवी होती, नववी होती. मधली आठवी कोणीतरी अख्खीच्या अख्खी कापून नेली होती. दोन्ही कडांना चार चार बोटं कापड राखलं होतं, म्हणून ते दोन तुकडे झाले नव्हते, एवढंच.

बारावीच्या वर्गशिक्षिका ज्योत्स्ना भामरे मॅडम पुढे झाल्या. बाई मूळच्या धुळ्याच्या, शिकवायच्या रसायनशास्त्र. या शाळेत येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. आधी चिडायचं आणि मग विचार करायचा, हा त्यांचा स्वभाव. चिडल्या की तोंडात धुळ्याकडची अहिराणी यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं, म्हणून पोरांनी त्यांचं नाव शे-मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि पोरांना त्या सोडतही नव्हत्या.

"काय शे हाई?" त्या कडाडल्या. "एक कापड सांभाळता येत नाही तुम्हाला? उद्या परीक्षेत काय दिवे लावाल!"

त्यांनी कापड हातात घेतलं. कापलेली कड स्वच्छ पांढरी होती, फक्त रेघ सरळ नव्हती, वळत वळत गेली होती. वाकड्या पात्याचं काम. कात्री सुकदेव सरांच्या कपाटात कुलपात होती. कोपऱ्याजवळ अंगठ्याएवढा तेलकट डाग दिसला.

"आणि भजी खाऊन हात कोणी पुसले याला? शेंबड्या पोरालाही अक्कल असते!"

खिडकीत समईच्या तेलाची बाटली उघडीच होती, बूच भलतीकडेच. मॅडमनी तेही दणकन बसवलं. एकूण त्या सकाळी त्यांना सगळ्याच गोष्टींचा राग येत होता.

तेवढ्यात प्राचार्य रुपचंद चौधरी आत आले. भोक बघितलं, ओठ दाबले आणि म्हणाले, "यात शोधायचं काय आहे? हे संघपालचं काम."

२

चौधरी सरांचं गणित सोपं होतं. काल संध्याकाळी या खोलीत बारावीतला संघपाल एकटा होता. म्हणे भाषणाची तयारी करत होता. कुलूप त्यानंच लावलं, किल्ली सुकदेव सरांच्या घरी दिली. आज सकाळी सुकदेव सरांनी खोली उघडली आणि लगेच संघपालला मोटरसायकलवर मागे बसवून जळगावला गेले, पाहुण्यांच्या शाली आणि हार आणायला.

"तेव्हापासून तुमच्या वर्गातली मेघा दारासमोर रांगोळी काढतेय," चौधरी सर म्हणाले. "ती सांगते, कोणीही आत गेलं नाही. मग कापलं कधी? काल संध्याकाळी. आणि आठवीच्या ओळीवर राग कोणाला असणार?"

"का? आठवीत काय झालं होतं?"

चौधरी सरांनी नजर खिडकीबाहेर नेली. "जुन्या गोष्टी. मॅडम, संस्थेचे अध्यक्ष पुना आबा दुपारी येतायत. त्याआधी पोरानं कबूल करावं. नाही केलं तर मी दाखल्यावर शेरा मारणार, वर्तणूक असमाधानकारक. आणि आज तो स्टेजवर पाय ठेवणार नाही."

संघपालला धुळ्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि होस्टेलशिवाय ते जमणार नव्हतं. असला शेरा घेऊन होस्टेलच्या दारात उभं राहिलं की दार उघडतंय कशाला! पोराचं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन शब्दांना टांगलेलं होतं, आणि शेरा मारणारा माणूस पेन काढून तयार होता.

खरं सांगायचं तर मॅडमना संघपाल आवडायचा नाही. वर्गात उलट बोलायचा, मार्क कमी पडले की पेपर घेऊन भांडायला यायचा. पण न आवडणं निराळं आणि चोर ठरवणं निराळं.

प्रयोगशाळेत तो स्टुलावर ताठ बसला होता.

"कापलंस का?"

"नाही."

"मग कोणी कापलं?"

"ते तुम्ही शोधा. माझं नाव तर तुम्ही आधीच शोधलंय."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! काल एकटा काय करत होतास?"

"बोलायची तयारी. त्या कापडासमोर उभा राहून. आज तिथेच उभा राहून बोलणार होतो."

"कशावर?"

"आठवीवर." तो पहिल्यांदाच मॅडमकडे बघून बोलला. "आठवीत काय झालं ते स्टाफरूमला विचारा. बठ्ठ्यांना माहीत शे, सगळ्यांना. तुम्हीच तेवढ्या नवीन."

त्यानं मुद्दाम त्यांची बोली वापरली होती. एरवी मॅडमनी वर्गाबाहेर काढला असता. आज त्या उठून दाराशी आल्या, तर बाहेर पार्वताबाई उभ्या. संघपालची आई. परिटघडीची साडी, डोक्यावर पदर, पोराचा कार्यक्रम बघायला तासाभराची वाट चालून आलेल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "माह्या पोरानं काही केलं का?"

मॅडम तडक सुकदेव सरांकडे निघाल्या.

३

सुकदेव सर स्टेजमागे हार मोजल्यासारखं करत होते.

"आठवीत काय झालं होतं?"

"काही नाही हो. पोरांचा खेळ."

"सर, त्या खेळापायी एका पोराचा दाखला खराब होतोय. बोला."

सरांनी हार खाली ठेवला. "त्या वर्षी पोरांनी ठरवलं, संघपालचा हात आपल्या परातीत नको. त्याला वेगळा रंग दिला. करवंटीत कालवून. नीळ होती ती, कपड्यांना घालतात ती. ओळ संपली, वीतभर जागा सोडली आणि मग त्यानं पंजा उठवला. बाकी सगळे हिरवे, टोकाला तो एक निळा."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"परात धरून उभा होतो."

"वा! मोठं काम केलंत. करवंटी कोणी आणली?"

"एवढं कसं आठवणार?" सर म्हणाले, आणि त्यांना नीट आठवतंय हे मॅडमना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण सरांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

बरं, सर स्वतः? त्यांनाही ती ओळ नकोशी असणारच. पण सकाळी खोली उघडून ते संघपालसोबतच गेले होते आणि परत आले ते त्याच्यासोबतच. सकाळपासून कापडाशी एकटे असे ते सापडत नव्हते. सकाळी शाळेत पोरांपैकी उरली तिघंच होती, भूषण, किरण आणि मेघा. बाकीचा वर्ग भरितासाठी वांगी, भाजायला कपाशीच्या काड्या आणि ठेचायला लाकडी बडगी गोळा करत गावात फिरत होता.

मॅडमनी तिघांनाही गाठायचं ठरवलं. पहिल्याच पोरानं त्यांच्या हातात हत्यार ठेवलं.

४

"विळा माझाच आहे," भूषण म्हणाला. पुना आबांचा नातू. शाळा आजोबांची म्हटल्यावर पोरगं कोणाच्या बापाला भीत नव्हतं. "सकाळी मळ्यातून केळीचे खांब तोडून आणले, गेटला बांधायला. बांधताना विळा नको होता, म्हणून इथं पायरीवर टाकला."

"चित्रकलेच्या खोलीच्या पायरीवर?"

"हो. मग? विळा टाकणं गुन्हा आहे का?"

विळा अजून तिथेच होता, वाकड्या पात्याचा.

"आठवीत करवंटी तू आणलीस?"

भूषणचा आवाज उतरला. "मी नाही. मी हसलो होतो, मॅडम. हसलो ते हसलो. पण आणली नाही."

"मग कोणी?"

"मी चुगलखोर नाही."

"नाही ना? सकाळपासून संघपालचं नाव गावभर करत फिरतोयस ते काय देवाचं नाव आहे?"

तो निघून गेला. मागे किरण उभा होता. किरण दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला, वडील तिथे इंजिनियर. अकरावीला या शाळेत आला आणि वर्गानं त्याला कधी आपलं म्हटलं नाही. निरोपासाठी त्यानं पांढराशुभ्र नवा शर्ट घातला होता.

"मला यात ओढू नका, मॅडम. त्या कापडावर माझा एकच पंजा आहे, मागच्या वर्षीचा. यांची आठवी कशी होती ते मला माहीत नाही आणि करायचंही नाही. सकाळभर मी भूषणसोबत खांब उचलत होतो. एक मिनिट सोडलं नाही त्यानं मला, नोकरासारखं राबवलं."

मग मेघा. वर्गात पहिली, आज 'आदर्श विद्यार्थिनी' म्हणून तिचाच सत्कार होता. वडिलांची केळीची बाग, आई कमलबाई बचत गटाची अध्यक्ष. मेघाची रांगोळी म्हणजे पंचक्रोशीत नाव. स्टेज चित्रकलेच्या खोलीच्या व्हरांड्यातच होतं आणि त्याच्यासमोर तिनं दोन मोर काढले होते. डावीकडचा मोर बघत राहावा असा, एकेक पीस केसासारखं. उजवीकडच्याचा पिसारा जाडाभरडा, रेघा तुटलेल्या, मध्येच गोळे.

"हे काय गं? डावं तुझं आणि उजवं पहिलीतल्या पोरीचं?"

"घाई झाली, मॅडम."

"तू इथून उठली नव्हतीस म्हणे."

"जागची हललेसुद्धा नाही. सुकदेव सर गेले तेव्हापासून इथेच. भूषण आणि किरण गेटपाशी होते. खोलीत कोणी गेलं नाही. मी खोटं कशाला बोलू?"

"आठवीत वर्गप्रमुख कोण होतं?"

"मीच. पाचवीपासून मीच." तिनं निरोपासाठी नेसलेल्या साडीचा पदर सावरला. "मॅडम, आम्ही लहान होतो. आता त्याला सूडच घ्यायचा असेल तर आम्ही काय करणार? चांगल्या दिवसाला गालबोट लावलं त्यानं."

बोलणं चोख होतं. चौधरी सरांच्या गणितात कुठे हातचा चुकलेला दिसत नव्हता. मॅडमना स्वतःचाच राग आला. पोरगा आत ताठ बसलाय, बाहेर त्याची आई उभी आहे, आणि आपण नुसत्या रांगोळ्या बघत फिरतोय!

मागच्या अंगणात काड्या पेटल्या होत्या, वांग्यांचा खमंग वास सुटला होता. पुना आबांची गाडी निघाल्याचा फोन आला. चौधरी सरांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात अंगणातून किरणची किंकाळी आली.

५

"कोणी टाकली शाई? कोणी टाकली ते पुढे या!"

किरण शर्टाचे दोन्ही पदर धरून नाचत होता. पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काळपट तपकिरी डाग पडले होते. भांडण हातघाईवर आलेलं, कोणी कोणाची कॉलर धरलेली. भूषण मात्र पोट धरून हसत होता.

"अरे येड्या, शाई कुठली? केळीचा चीक आहे तो. सकाळी खांब छातीशी धरून आणला ना तू?"

"सकाळी तर काही नव्हतं! नुसतं पाणी लागलं होतं!"

"ओला असतो तेव्हा पाणीच दिसते तो. सुकला की काळा पडते. आता धू, जन्मभर धू. शर्ट गेला तुझा." भूषणनं स्वतःचे हात पुढे केले. तळवे, बोटं, नखं, सगळं काळं. "हे बघ माझे. आमची आई आधी हाताले तेल चोपडते, मग केळीले हात लावते. तेल असलं की चीक धरत नही. बागवाल्या घरात लेकराबाळांना सवय असते. मले ते नही जमत. मी काय बाईमाणूस आहे का तेल लावत बसायला?"

मॅडम जागच्या जागी थबकल्या. कापलेलं वांगंही असंच काळं पडतं, हवा लागली की. हे त्या दर वर्षी वर्गात शिकवत होत्या आणि आज सकाळपासून त्यांच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

त्या धावत चित्रकलेच्या खोलीत गेल्या, कापड ओढलं, भोकाची कड उजेडात धरली.

सकाळी ती कड पांढरी होती. आता तिच्यावर चारी बाजूंनी तपकिरी रेघ उमटली होती.

६

"सगळे आत या," मॅडम म्हणाल्या. "चौधरी सर, पेन खिशात ठेवा. सुकदेव सर, दार लावून घ्या. संघपालला बोलवा, त्याच्या आईलाही."

"मॅडम, आबा पोचतील आता," चौधरी सर म्हणाले.

"मग लवकर आवरू. ही कड बघा. कशानं कापलं? भूषणच्या विळ्यानं, केळीच्या चिकानं ओला असताना. चीक लगेच दिसत नाही, वेळ गेला की काळा पडतो. काल संध्याकाळी कापलं असतं तर आज उलगडतानाच कड काळी दिसायला हवी होती. आपण सगळ्यांनी बघितली, पांढरी होती. शिवाय खांब तोडले आज सकाळी. तेव्हा कापड कापलं आज सकाळीच, आणि सकाळी संघपाल जळगावला होता, सुकदेव सरांच्या मागे बसून."

पार्वताबाई पोराच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मग भूषण!" चौधरी सरांच्या तोंडून गेलं, आणि आपण अध्यक्षांच्या नातवाचं नाव घेतलं हे लक्षात येऊन त्यांचा चेहरा पडला.

"भूषणचे हात बघा. या हातांनी कापड धरलं असतं तर दहा बोटं काळी उठली असती. किरणचंही तेच, त्याच्या तर अंगभर चीक होता. कापडावर चीक आहे तो फक्त पात्याचा. बोटांचा एक डाग नाही. उलट इथे," मॅडमनी कोपरा वर केला, "तेलाचा अंगठा आहे. मी मूर्खासारखी भज्यांचं तेल म्हणाले. सकाळी भजी कोणी खाल्ली होती? चूलसुद्धा पेटली नव्हती. तेल होतं ते या खिडकीतल्या समईच्या बाटलीचं. बूच उघडं होतं. कोणीतरी आधी हाताला तेल चोपडलं, मग चिकाचा विळा उचलला."

मॅडमनी बाटली उचलून सगळ्यांसमोर ठेवली.

"चोरी करायला निघालेला माणूस हाताला तेल कशाला लावेल? ठरवून कोणी लावत नाही. ज्याच्या घरी केळीची बाग आहे, लहानपणापासून आईनं दटावून सवय लावलीय, त्याचा हात आपोआप तेलाकडे जातो. किरणला हे माहीतही नव्हतं. भूषणला माहीत आहे पण तो लावत नाही. राहिलं कोण?"

सगळ्यांनी मेघाकडे बघितलं.

"मी रांगोळी काढत होते!" मेघा ओरडली. "तुम्हाला आमच्या गावाचं काय माहीत? तुम्ही बाहेरच्या!"

"बाहेरची म्हणूनच विचारतेय. ये इकडे."

मॅडमनी बाटलीतलं तेल बोटांना लावलं, रुमालाला पुसलं, आणि मेघाच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून रांगोळीची चिमूट घेऊन फरशीवर रेघ ओढली. पूड बोटांना चिकटली, रेघ जाड पडली, मध्येच तुटली, गोळा झाला.

"बाहेर उजवीकडच्या मोराचा पिसारा असाच आहे की नाही, बघून या कोणीही. डावा मोर कोरड्या हातानं काढला, उजवा तेलकट. दोन्हींच्या मध्ये तू उठलीस. नळाच्या पाण्यानं तेल जातंय होय? तू जागची हलली नाहीस म्हणालीस, खोलीत कोणी गेलं नाही म्हणालीस. तुझ्या त्या एका साक्षीवर या पोराचा दाखला काळा होणार होता, मेघा."

"माझ्याकडे ओळ आहे का? दाखवा ना मग!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोलता बोलता तिनं रांगोळीची पिशवी पायानं मागे सारली. मॅडमनी ती उचलली आणि फरशीवर उपडी केली. पांढऱ्या पुडीचा ढीग पडला आणि त्यातून घडी घातलेलं कापड बाहेर आलं.

"अंगणातल्या विस्तवात टाकायला जाणार होतीस. पण तिथे सगळा वर्ग वांगी भाजत बसला."

सुकदेव सरांनी घडी उलगडली. हिरवे पंजे, हिरवे पंजे, मग मोकळी जागा, आणि टोकाला एक निळा.

"ओळ नाहीशी करायचं कारण संघपालला होतं असं सगळे म्हणत होते," मॅडम म्हणाल्या. "त्यानं काय केलं होतं लाजायला? त्याला ती ओळ लोकांना दाखवायची होती. लपवायची कोणाला होती? करवंटी आणणाऱ्याला. भूषण, आता तरी बोल."

भूषणनं मान खाली घातली. "मेघानं. घरून आणली होती."

७

मेघा रडली नाही. "हो, आणली," ती म्हणाली. "तेरा वर्षांची होते. आज सगळ्या गावासमोर, माझ्या सत्कारात, तो ते उकरून काढणार होता. काल व्हरांड्यातून ऐकलं मी त्याचं भाषण. चार वर्षं कोणी काही बोललं नाही ना? मग आजच का?"

"कारण आज शेवटचा दिवस आहे," संघपाल म्हणाला.

चौधरी सरांनी घसा साफ केला. "हे बघा, झालं गेलं. दाखल्याचं मी मागे घेतो. मेघा हुशार मुलगी आहे, तिचं नुकसान करून कोणाचं भलं होणार आहे? हे कापड आज लावायलाच नको. आबांना सांगू, उंदरांनी कुरतडलं."

"वा रे न्याय!" मॅडम उसळल्या. "मगाशी संघपाल होता तेव्हा दोन शब्दांत त्याचं आयुष्य संपवायला निघालात. आता मेघा आहे तर उंदीर? मी येडी शे का, सर? मी आबांना सगळं सांगते, मग माझी बदली करा नाहीतर काय करायचं ते करा. संघपाल, तू सांग. काय करायचं हिचं?"

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्या वर्गात त्याचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या आईनं मान हलवली, जाऊ दे म्हणून. त्यानं आईकडे बघितलं आणि तरीही तो बोलला.

"तिचा सत्कार होऊ द्या. मला त्यात रस नाही. ओळ परत शिवा. काळ्या दोऱ्यानं, टाके दिसतील असं. आणि शिवायची तिनंच."

"मी नाही शिवणार!"

"मग मी माईकवर सगळं सांगतो. तेलापासून."

सुई-दोरा सुकदेव सरांनीच आणून दिला. देताना ते संघपालला काहीतरी म्हणायला गेले, "पोरा, त्या दिवशी मी...", पण संघपालनं पाठ फिरवली. मेघा फरशीवर बसली. सुई दोनदा बोटात घुसली, कोणी हळहळलं नाही. पलीकडे बसून वर्गातल्या पोरी नुसत्या बघत राहिल्या.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. पुना आबा काठी टेकत स्टेजवर आले आणि आधी कापडापाशीच गेले. "आमच्या भूषणचा पंजा कोणता रे?" करत ते एकेक ओळ बघत पुढे सरकले. आठवीपाशी थांबले. काळ्या टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही फाटली होती काय? आणि हा निळा असा एकटा बाजूला का?"

माईक तेव्हा संघपालच्या हातात होता. त्याच्या भाषणाची वेळ झाली होती. चौधरी सर खुर्चीत पुढे सरकले. मॅडम विंगेत उभ्या होत्या, त्यांनी पडद्याची दोरी घट्ट धरली.

"आबा, चार वर्षं मी याचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं," संघपाल म्हणाला. "काल रंगीत तालीमही केली. पण आज कळलं, ते उत्तर माझं नाहीच. ते आदर्श विद्यार्थिनी सांगेल."

तो चालत मेघापाशी गेला आणि माईक तिच्यापुढे धरला. ती शाल पांघरून, हातात नारळ घेऊन बसली होती. तिनं चौधरी सरांकडे बघितलं, ते पायातल्या बुटांकडे बघत होते. सुकदेव सरांकडे बघितलं, त्यांनी चष्मा काढला होता. मांडवात कमलबाई लेकीचा फोटो काढायला मोबाईल वर धरून उभ्या होत्या.

"बोल ना बाई," आबा म्हणाले. "मी विचारतो आहे."

मेघानं नारळ मांडीवर ठेवला. माईक घेताना तिच्या बोटांचा ठसा काळ्या दांड्यावर उमटला, अजून थोडा तेलकट.

"आबा," ती म्हणाली, "करवंटी मी आणली होती."

मागच्या रांगेत पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.